आंबा हंगामातले कार्यालयीन काम : एक्सेल, वर्ड आणि ब्राउझर यांचा नेटका वापर कसा करावा?

प्रश्न — जामसंड्याची लेखनिक (देवगड)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या एका लहान संस्थेच्या कार्यालयात लेखनिक म्हणून काम करते. मार्च ते मे या काळात आमच्याकडे कामाचा इतका रेटा असतो की जेवायला उसंत मिळत नाही, आणि त्यातला बराचसा वेळ तेच तेच पुन्हा टंकण्यात जातो, हे मला आता खुपू लागले आहे.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगते. कोणत्या शेतकऱ्याच्या किती पेट्या कोणत्या बाजाराला गेल्या, याची नोंद एक्सेलमध्ये होते. वाशी, पुणे आणि कोल्हापूर यांसाठी वेगवेगळी पाने आहेत आणि दर महिन्याला त्यांची नवीन फाइल होते. दलालाकडून पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) आली की हमाली, तोलाई, आडत (दलाली) आणि भाडे वजा करून शेतकऱ्याच्या नावे जमा करायचे असते. त्या वेळी मी तिन्ही पाने डोळ्यांनी शोधत बसते. थेट ग्राहकांना पाठवायच्या पेट्यांवरचे पत्ते वर्डमध्ये एकेक करून टंकते. सभासदांना जाणारी पत्रे जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. ब्राउझरमध्ये बँक, शासकीय संकेतस्थळे, कुरिअर आणि मेल यांचे इतके टॅब उघडे असतात की हवा तो सापडत नाही.

एका संगणकावर ऑफिस 2016 आहे आणि दुसऱ्यावर लिब्रे ऑफिस. नवीन आज्ञावली विकत घेण्याची संस्थेची ऐपत नाही. आहे त्याच साधनांत काम हलके करण्यासाठी नेमके काय शिकावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर — हिशेबनीस, रत्नागिरी

ताई, आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर कीबोर्डच्या शॉर्टकटपासून सुरू होत नाही, असे मला वाटते. शॉर्टकटने सेकंद वाचतात. नोंदींची मांडणी बदलली तर दिवस वाचतात. म्हणून आधी मांडणीविषयी लिहितो.

बाजारानुसार वेगळी पाने आणि महिन्यानुसार वेगळ्या फाइली ही कागदी वहीची पद्धत आहे. वहीत ती योग्यच होती, कारण वहीला गाळणी (फिल्टर) लावता येत नाही. एक्सेलमध्ये मात्र संपूर्ण हंगाम एकाच पानावर, एका ओळीत एकच नोंद अशा रीतीने लिहावा. रकाने असे ठेवावेत : तारीख, सभासद क्रमांक, गाव, जात (हापूस, पायरी, केसर), पेटीचा प्रकार (चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी), पेट्यांची संख्या, बाजार, पट्टी क्रमांक, एकूण विक्री, हमाली, तोलाई, आडत, भाडे, निव्वळ रक्कम. बाजार हा पानाचा मथळा न राहता एक रकाना झाला की आपला निम्मा शोध तिथेच संपतो. ओळी कमी पडतील अशी भीती बाळगू नये. एका पानावर 10,48,576 ओळी मावतात.

मांडणी झाल्यावर त्या नोंदींत कुठेही उभे राहून कंट्रोल + टी दाबावे. साध्या नोंदींचे टेबल तयार होते. त्यानंतर खाली नवीन ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढते, निव्वळ रकमेचे सूत्र स्वतःहून पुढच्या ओळीत उतरते, आणि खाली सरकत गेलो तरी रकान्यांची नावे वर दिसत राहतात. मग पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींच्या गटवार बेरजा दाखवणारा तक्ता, घालावे. शेतकरी (सभासद क्रमांक) ओळींत, बाजार रकान्यांत आणि पेट्यांची संख्या मधल्या भागात ओढून ठेवली की कोणाच्या किती पेट्या कुठे गेल्या हे एका दृष्टिक्षेपात कळते. नवीन नोंदी झाल्यावर पिव्हटवर माउसची उजवी कळ दाबून रिफ्रेश करावे लागते, ते आपोआप होत नाही. लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या भागात) कंट्रोल + टीचे हे टेबल जसेच्या तसे मिळत नाही, पण पिव्हट टेबल आहे आणि कंट्रोल + शिफ्ट + एलने गाळणी दोन्हीकडे लागते.

जुनी पाने एकत्र करताना एक अडचण हमखास येईल. गावाचे किंवा शेतकऱ्याचे नाव पहिल्याच ओळीत लिहून खालच्या चौकटी (सेल) एकत्र जोडलेल्या (मर्ज केलेल्या) असतील, तर गाळणी लावल्यावर फक्त पहिली ओळ दिसते. त्यासाठी आधी तो रकाना निवडून जोडलेल्या चौकटी मोकळ्या कराव्यात. रकाना निवडलेला असतानाच एफ5 दाबून स्पेशल आणि मग ब्लँक्स निवडावे, म्हणजे केवळ रिकाम्या चौकटी निवडल्या जातात. आता बरोबरचे चिन्ह टंकावे, वरच्या दिशेचा बाण एकदा दाबावा आणि कंट्रोल + एंटर करावे. प्रत्येक रिकाम्या चौकटीत तिच्या वरचे नाव भरले जाते. शेवटी तो रकाना कॉपी करून जागच्या जागी केवळ मूल्ये म्हणून पेस्ट करावा. ही पायरी गाळली तर नोंदी क्रमाने लावताच नावे इकडची तिकडे होतील.

दुसरी गोष्ट नावांच्या एकसारखेपणाची. मिठबाव आणि मिठबांव ही आपल्याला एकाच गावाची दोन लेखने वाटतात, पण एक्सेलच्या लेखी ती दोन गावे आहेत आणि पिव्हटमध्ये त्यांच्या दोन बेरजा येतात. नावापुढे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा असाच घोटाळा करते; ती ट्रिम या सूत्राने काढता येते. कायमचा उपाय म्हणजे गाव, जात आणि बाजार या रकान्यांना डेटा व्हॅलिडेशनमधून (चौकटीत काय भरता येईल हे ठरवणाऱ्या सोयीतून) यादी लावणे. जामसंडे, पडेल, तळेबाजार, कुणकेश्वर अशी गावे एकदाच वेगळ्या पानावर लिहावीत. नोंद करताना यादीतून निवडायची, टंकायची नाहीत.

सभासद क्रमांक टाकल्यावर नाव आपोआप येण्यासाठी व्ही-लुकअप वापरावे. ऑफिस 2016 मध्ये एक्स-लुकअप नाही, पण या कामाला व्ही-लुकअप पुरेसे आहे. सूत्राच्या शेवटी फॉल्स लिहायला मात्र विसरू नये. ते लिहिले नाही तर एक्सेल जवळपासचा क्रमांक शोधते आणि कोणतीही सूचना न देता दुसऱ्याच शेतकऱ्याचे नाव आणते. पैशांच्या हिशेबात याहून घातक काही नाही.

उत्तर — अक्षरजुळणी, मालवण

रत्नागिरीच्या सरांनी एक्सेलचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी मराठी लेखन आणि वर्ड यांपुरते लिहिते.

जुन्या फॉन्टमधली पत्रे दुसरीकडे बिघडतात याचे कारण असे की त्या फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतातच; असतात ती रोमन चिन्हे, आणि त्यांना मराठी रूप तो विशिष्ट फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की मूळ चिन्हे उघडी पडतात. अशा मजकुरात शोध चालत नाही आणि नावे अकारविल्हे लावता येत नाहीत. त्यामुळे पुढचे सर्व लेखन युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत) करावे, असे माझे ठाम मत आहे. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कळफलक मिळतो. विंडोज 10 च्या मे 2019 च्या आवृत्तीपासून उच्चारानुसार टंकण्याचा मराठी कळफलकही त्यात आहे. विंडोज + स्पेस दाबून इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करता येते. ज्यांना रोज टंकायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावा, असे मी आग्रहाने सांगेन. स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात, आणि एकदा बोटांना सवय लागली की कळांकडे पाहावे लागत नाही.

एक बारकावा मुद्दाम सांगते, कारण तो क्वचितच कोणी सांगते. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : एक, नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि पुढे य; दोन, साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि पुढे य. पडद्यावर दोन्ही रूपे अगदी सारखी दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. कुऱ्हाडे हे आडनाव शोधूनही सापडत नसेल, तर बहुधा हेच कारण असते. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट + जे वर आहे. कार्यालयात सर्वांनी पहिलीच पद्धत वापरायची असे ठरवून टाकावे. जुन्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी चुकीचे रूप त्या चौकटीतून कॉपी करून कंट्रोल + एचने उघडणाऱ्या शोधा-बदला खिडकीच्या वरच्या ओळीत पेस्ट करावे आणि खाली योग्य रूप टंकावे.

जुनी पत्रे युनिकोडमध्ये बदलण्याची साधने संकेतस्थळांवर मिळतात. त्यांत पत्रांचा मजकूर घालायला हरकत नाही, पण सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक असलेली यादी कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार नीट तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट आहे. त्यामुळे चुका तिथेच होतात.

आता पेट्यांवरचे पत्ते. हे काम मेल मर्जचे, म्हणजे यादीतली नावे-पत्ते एका नमुन्यात आपोआप भरण्याच्या सोयीचे आहे. ग्राहकांचे नाव, पत्ता, पिन कोड आणि मोबाइल हे चार रकाने असलेली एक्सेल फाइल ठेवावी. वर्डमध्ये मेलिंग्ज या टॅबवरून लेबल्स निवडून कागदाचा आकार ठरवावा, ती फाइल जोडावी आणि पहिल्या लेबलात रकाने घालावेत. त्यानंतर ‘अपडेट लेबल्स’ ही कळ दाबली नाही तर फक्त पहिल्याच चौकटीत पूर्ण पत्ता येतो. मेल मर्ज जमत नाही म्हणून सोडून देणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात. सर्व पत्ते छापण्याआधी प्रीव्ह्यू पाहावा आणि एक पान साध्या कागदावर काढून लेबलच्या कागदावर धरून बघावे. सभासदांच्या पत्रांनाही हीच पद्धत लागू पडते.

वर्डमध्ये मराठी मजकुराचा आकार बदलूनही बदलत नसेल, तर कंट्रोल + डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या भागातला फॉन्ट आणि आकार पाहावा. देवनागरीसाठी तोच भाग लागू असतो. संकेतस्थळावरून घेतलेला मजकूर पेस्ट करताना कंट्रोल + ऑल्ट + व्ही दाबून अनफॉरमॅटेड युनिकोड टेक्स्ट निवडावे, म्हणजे तिथले रंग आणि आकार सोबत येत नाहीत.

उत्तर — खाडीकिनारा, अलिबाग

ब्राउझरविषयी माझा अनुभव असा की टॅब कमी करण्याचा निश्चय टिकत नाही. टॅब सापडण्याची सोय करणे हा जास्त उपयोगी मार्ग आहे. क्रोममध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए दाबले की उघड्या टॅबांची यादी येते आणि नावाची दोन अक्षरे टंकून हवा तो टॅब गाठता येतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचे चिन्ह, एक मोकळी जागा आणि मग शब्द टंकला तर शोध केवळ उघड्या टॅबांत होतो. टक्क्याऐवजी तारांकन दिले तर बुकमार्कांत. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल + शिफ्ट + टीने परत येतो आणि पूर्ण खिडकी मिटली असेल तर तीही येते. पत्त्याच्या पट्टीत जाण्यासाठी माउसची गरज नाही, कंट्रोल + एल पुरते.

मेलचा टॅब पिन करून ठेवावा. संस्थेसाठी आणि वैयक्तिक वापरासाठी ब्राउझरमध्ये दोन वेगवेगळी प्रोफाइल करावीत. यामुळे संस्थेचे मेल खाते आणि आपले स्वतःचे खाते यांची सरमिसळ होत नाही, बुकमार्क वेगळे राहतात, आणि आपण रजेवर असताना दुसऱ्या कोणी संगणक वापरला तरी कामाची पाने जागेवर असतात. बँकेचा पासवर्ड मात्र सामायिक संगणकावरच्या ब्राउझरमध्ये साठवू नये.

शासकीय संकेतस्थळांवर ‘बटण दाबले तरी काहीच होत नाही’ ही तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. पुष्कळदा दाखला किंवा पावती नवीन खिडकीत उघडणार असते आणि ब्राउझर ती अडवतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला तसे लहान चिन्ह दिसते. त्यावर दाबून त्या एकाच संकेतस्थळाला परवानगी द्यावी. पान अर्धवट किंवा जुनेच दिसत असेल तर कंट्रोल + एफ5 दाबून ते नव्याने मागवावे. संपूर्ण ब्राउझरचा इतिहास आणि कुकी पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यामुळे बाकीच्या सर्व ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून फक्त त्या संकेतस्थळाची साठवलेली माहिती काढता येते, तेवढेच करावे. लांबलचक अर्ज भरायचा असेल तर मोठी उत्तरे आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवावीत. आपल्या भागात नेट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, आणि वेळ संपली की भरलेला अर्ज पुसला जातो.

विंडोज 10 आणि 11 मध्ये विंडोज + व्ही दाबून क्लिपबोर्डचा इतिहास एकदा सुरू करून ठेवावा. कॉपी केलेल्या मागच्या 25 गोष्टी तिथून निवडून पेस्ट करता येतात. मेलमधून नाव, पत्ता आणि क्रमांक घ्यायचे असले की तीन वेळा ये-जा करण्याऐवजी तिन्ही एकदम कॉपी करून आणावेत. जीमेल वापरत असाल तर सेटिंगमधून टेम्प्लेट्स सुरू करावेत. पेटीचा दर आणि पाठवण्याचे वेळापत्रक यांविषयीचे ठरावीक उत्तर दर वेळी नव्याने लिहावे लागणार नाही.

उत्तर — दापोलीकर

विजेविषयी कोणी लिहिले नाही म्हणून हे जोडतो. मे अखेरीस वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कशी जाते ते सर्वांना माहीत आहे. ऑफिसमध्ये ऑटो-रिकव्हरची (चालू काम ठरावीक वेळाने आपोआप जपण्याची) वेळ मुळात दहा मिनिटांची असते. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या मार्गाने जाऊन ती दोन मिनिटांवर आणावी. लिब्रे ऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल या ठिकाणी तीच सोय आहे, शिवाय ‘नेहमी बॅकअप प्रत ठेवा’ असाही पर्याय आहे. तो अवश्य निवडावा. मात्र या सोयी म्हणजे फाइलची वेगळी, सुरक्षित प्रत ठेवणे नव्हे. रोज संध्याकाळी हंगामाची फाइल त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये.

प्रश्नकर्तीकडून — जामसंड्याची लेखनिक

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मागच्या हंगामाची तिन्ही पाने एकत्र केली, रिकाम्या चौकटी भरल्या आणि पिव्हटही लागले. आता एक गोष्ट अडली आहे. तारखेनुसार क्रम लावला की एप्रिलच्या काही नोंदी भलत्याच महिन्यांत जातात आणि काही अगदी शेवटी गोळा होतात. नीट पाहिल्यावर असे दिसले की काही तारखा चौकटीच्या डाव्या कडेला आहेत आणि काही उजव्या. हे कशामुळे होते?

उत्तर — हिशेबनीस, रत्नागिरी

ताई, आपण डावे-उजवे पाहिलेत यातच निदान आहे. संगणकाचा प्रांत (रीजन) अमेरिका असा ठेवलेला असणार. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपण 05/04 असे लिहिले की एक्सेलने ते 4 मे समजून घेतले आणि तारीख म्हणून उजव्या कडेला ठेवले. 13/04 मध्ये तेरावा महिना नसल्यामुळे ते तारीख म्हणून घेताच आले नाही, म्हणून मजकूर समजून डावीकडे ठेवले. त्यामुळे डावीकडच्या तारखा दिसतात तशाच बरोबर आहेत. उजवीकडच्या बरोबर दिसूनही चुकीच्या आहेत.

प्रथम फाइलची प्रत काढावी. मग शेजारी एक नवा रकाना घेऊन उजवीकडच्या तारखांसाठी डेट सूत्र वापरावे : त्यात वर्षाच्या जागी इयर, महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ ही सूत्रे घालावीत, म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. डावीकडच्या नोंदी याच नव्या रकान्यात कॉपी कराव्यात, फक्त तेवढ्या चौकटी निवडून डेटा टॅबवरील टेक्स्ट टू कॉलम्स उघडावे आणि तिसऱ्या पायरीवर डेट समोर डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडून संपवावे. कोणत्या तारखा खऱ्या आणि कोणत्या मजकूर आहेत, हे इझ-नंबर या सूत्राने वेगळे काढता येते. कडेकडे पाहून निवडण्यापेक्षा ते सुरक्षित. नंतर दोन-चार पट्ट्या हातात घेऊन तारखा ताडून पाहाव्यात आणि जुळल्यावरच जुना रकाना काढावा.

पुढे असे होऊ नये म्हणून विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडावे. त्याने तारीख आपल्या पद्धतीने घेतली जाते आणि रकमांमध्ये स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडतात. आजची तारीख घालायची असेल तर ती टंकूच नये, कंट्रोल आणि अर्धविराम दाबावा.

याच फाइलमध्ये सभासदांचे बँक खाते क्रमांक असतील तर तो रकाना आजच टेक्स्ट प्रकारचा करून घ्यावा. एक्सेल संख्येतले पहिले 15 अंकच जपते आणि त्यापुढच्या अंकांचे शून्य करते. सुरुवातीचे शून्यही गाळते. आधीच भरलेले क्रमांक नंतर टेक्स्ट करून गेलेले अंक परत येत नाहीत, त्यामुळे ते मूळ पासबुकावरून पुन्हा घालावे लागतील.

प्रश्नकर्तीकडून — जामसंड्याची लेखनिक

रीजन खरोखरच अमेरिका होता, तो बदलला. तारखा पट्ट्यांशी जुळल्या. खाते क्रमांकांच्या रकान्यात काही सभासदांच्या क्रमांकांचे शेवटचे आकडे शून्य झालेले आढळले आहेत. त्यांची यादी काढून पासबुके मागवली आहेत.

लिब्रे ऑफिसच्या संगणकावर ही फाइल उघडल्यावर गावांची यादी आणि व्ही-लुकअप दोन्ही चालत आहेत, हेही इतरांच्या माहितीसाठी नोंदवते.